एक लाख बेचाळीस हजार आठशें सत्तावन

गणितावर भाषण आहे असें ऐकतांच कित्येक घरांत रेडिओचा कान पिळला जातो, हें मी जाणून आहें. म्हणून आरंभींच अभय देऊन ठेवतों. आज कोणतेंहि सूत्र पाठ करावयाचें नाहीं. हाताशीं कागदाचा एक तुकडा व पेन्सिल असावी, आणि लहानपणीं शिकलेला भागाकार अगदींच विसरला गेलेला नसावा, एवढीच अपेक्षा आहे. मला आपणांस फक्त एका संख्येची ओळख करून द्यावयाची आहे. ती संख्या एक लाख बेचाळीस हजार आठशें सत्तावन. कागदावर मांडून ठेवा: १४२८५७.

या संख्येची नि माझी गांठ पडली ती वर्ध्यास. उन्हाळ्यांत मी बहिणीकडे गेलों होतों. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन मी म्हणत होतें, आणि माझी भाची सुटींतला अभ्यास घेऊन पडवींत बसली होती. एकास सातांनीं भागून उत्तर दशांशांत लिहा, असें उदाहरण होतें. पुष्कळ वेळ झाला तरी तिचा भागाकार आटोपेना. शेवटीं तिनें विचारलें, "मामा, हें संपायचें केव्हां?" वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां मी म्हणालों, "तें संपत नाहीं. दोन अंक लिही नि पुरे कर." ती क्षणभर गप्प बसली, आणि मग म्हणाली, "पण मामा, तेच तेच अंक पुन्हा येताहेत. मुद्दाम येताहेत का?"

'पुरे कर' हा शब्द मीं फार लवकर उच्चारला, हें मला त्या वेळीं कळलें. वर्तमानपत्र खालीं ठेवावें लागलें. तिच्या वहींत शून्य नि दशांशचिन्ह यांच्यापुढें १४२८५७, पुन्हा १४२८५७, पुन्हा १४२८५७ अशी रांग पानभर गेली होती.

आतां आपल्या कागदावरील संख्येस दोहोंनीं गुणा. उत्तर येतें २८५७१४. तिहींनीं गुणा, ४२८५७१. चोहोंनीं गुणा, ५७१४२८. पांचांनीं गुणा, ७१४२८५. साहांनीं गुणा, ८५७१४२. प्रत्येक वेळीं तेच सहा अंक, आणि त्याच क्रमानें. निराळा असतो तो फक्त आरंभ. जणूं सहा माणसें हातांत हात घालून रिंगणांत उभीं आहेत, आणि आपण दर वेळीं निराळ्या माणसापासून मोजावयास लागतों. सातांनीं गुणलें कीं मात्र सारा देखावा पालटतो. साहाही अंक नाहींसे होतात, आणि त्यांच्या जागीं सहा नऊ येऊन उभे राहतात: ९९९९९९.

आणखी थोडी गंमत पाहा. संख्या मधोमध तोडा: १४२ आणि ८५७. बेरीज ९९९. दोन-दोन अंकांचे तुकडे करा: १४, २८ आणि ५७. बेरीज ९९.

याच ठिकाणीं वाटा फुटतात. एक वाट अशी कीं हा कांहीं तरी दैवी संकेत आहे असें मानावें, संख्येला हात जोडावे, आणि जमल्यास ती ताईतांत घालावी. संख्यांच्या नांवावर भविष्य नि भाग्य विकणारी मंडळी या वाटेवर दुकानें मांडून बसलेलीं आपण पाहतोंच. दुसरी वाट माझ्या त्या दुपारच्या उत्तराची. दोन अंक लिहावे, पुरे म्हणावें, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळावें. पहिल्या वाटेनें मुलाची बुद्धि भुलते, दुसरीनें ती मिटते. तिसरी वाट त्या मुलीनें आपण होऊन धरली होती. हे अंक असे कां येतात, एवढेंच तिनें विचारलें होतें. आपणहि त्याच वाटेनें जाऊं.

एकास सातांनीं भागतांना खरोखर काय घडतें तें सावकाश पाहूं. एकांत सात जात नाहींत, म्हणून शून्य घेऊन दहा केले. दहांत सात एकदां गेले. भागाकारांत १ लिहिला, बाकी ३. तिचे तीस केले. चार वेळां गेले, बाकी २. तिचे वीस, दोन वेळां गेले, बाकी ६. तिचे साठ; आठ वेळां गेले, बाकी ४. तिचे चाळीस, पांच वेळां गेले, बाकी ५. तिचे पन्नास, सात वेळां गेले, बाकी १. आणि एक म्हणजे तर आपण जेथून निघालों तेंच घर! येथून पुढें घडणार तें पूर्वीं घडलें तेंच, तसेंच, आणि कितीहि पानें भरलीं तरी.

येथें सारें लक्ष भागाकारांतील अंकांवरून काढून बाक्यांवर ठेवावयाचें. सातांनीं भागतांना बाकी सातांहून लहानच असावी लागते. ती शून्य झाली असती तर भागाकार संपला असता. येथें ती शून्य होत नाहीं. म्हणजे उरल्या फक्त सहा बाक्या: एक, दोन, तीन, चार, पांच, सहा. सहा घरांच्या गांवांत रोज नव्या घरीं मुक्काम करावयाचा म्हटलें, तरी सातव्या दिवशीं जुन्याच घरीं यावें लागणार. मीं भाचीला सांगितलें तें एवढेंच: "अंक मुद्दाम येत नाहींत, त्यांना दुसरी वाटच नाहीं."

दुसऱ्या दिवशीं आम्ही पांच मैलांवरील सेवाग्रामास गेलों. तेथें चरखा पाहतांना ती एकदम म्हणाली, "मामा, कालचा भागाकार असाच फिरतो." उपमा मला सुचली नव्हती, पण ती चपखल आहे. एक वर्तुळ काढा आणि त्याच्या कडेनें बाक्या ज्या क्रमानें आल्या त्या क्रमानें मांडा: १, ३, २, ६, ४, ५. हें झालें आपलें चाक. एकापासून फिरावयास लागलों तर भागाकारांत १४२८५७ ही संख्या उतरते. दोनसप्तमांश काढावयाचे असतील तर दोन या घरापासून फिरावें, म्हणजे २८५७१४ मिळतात. तीनसप्तमांशांसाठीं तीन या घरापासून. चाक तेंच, हात कोठें लावला एवढाच फरक. दोहोंनीं, तिहींनीं, पांचांनीं गुणल्यावर अंक केवळ फिरतात, याचें सारें रहस्य एवढेंच आहे.

चाकावरील समोरासमोरचीं घरेंहि पाहा. एकासमोर सहा, तिहींसमोर चार, दोहोंसमोर पांच. प्रत्येक जोडीची बेरीज सात. अशा दोन बाक्या दसपट केल्या कीं मिळून सत्तर होतात. त्यांतून पुढच्या दोन बाक्या, म्हणजे पुन्हा मिळून सात, वजा केल्या कीं उरले त्रेसष्ट; आणि त्रेसष्टांत सात नऊ वेळां. म्हणून समोरासमोरच्या अंकांची बेरीज नेहमीं नऊ: एक नि आठ, चार नि पांच, दोन नि सात. मघाशीं १४२ आणि ८५७ यांची बेरीज ९९९ कां झाली, तें आतां निराळें सांगावयास नको. हा नियम केवळ सातांपुरता नाहीं, हें मिदी नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८३६ सालीं दाखवून दिलें. भागणारी संख्या मूळसंख्या असेल आणि चक्रांतील अंक समसंख्य असतील, तर दोन अर्धांची बेरीज करतांच नऊच नऊ येतात.

सातांची संख्या म्हणतांच आठवड्याचे वार आठवतात. तेव्हां १४२८५७ ला वर्षाच्या दिवसांनीं, म्हणजे ३६५ नीं, गुणून पाहा. उत्तर येतें ५,२१,४२,८०५. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढा: १४२८०५. डावीकडे राहिले ५२. दोहोंची बेरीज करा. पुन्हा आपली मूळ संख्या, १४२८५७! डावीकडचे बावन्न म्हणजे वर्षाचे बावन्न आठवडे, आणि मूळ संख्या एकदां परत आली ती उरलेल्या एका दिवसामुळें. लीप वर्षाच्या ३६६ नीं गुणलें तर ५,२२,८५,६६२ येतात. बावन्न नि २८५६६२ यांची बेरीज २८५७१४, म्हणजे मूळ संख्येची दुप्पट; कारण आतां दोन दिवस उरले. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं शुक्रवार होता, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजीं रविवार. मध्यें २९ फेब्रुवारी येऊन गेल्यामुळें वार दोन घरें सरकला. आपल्या भिंतीवरील पंचांग याच चाकावर फिरत असतें.

या संख्येचा आणखी एक गुण सांगावयाचा तर आपणांस वर्ध्याहून नाशिक जिल्ह्यांत, देवळालीस जावें लागेल. तेथें १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नांवाचे एक शाळाशिक्षक होते. जन्म १९०५ सालीं डहाणूस, शिक्षण ठाण्यास व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत. पदव्युत्तर पदवी नाहीं, विद्यापीठांतील जागा नाहीं. मुलांना शिकवावें आणि उरल्या वेळांत संख्यांशीं खेळावें, असें आयुष्य. एका जातीच्या संख्यांना त्यांनीं 'डेम्लो संख्या' असें नांव दिलें, तें डोंबिवलीच्या रेल्वे स्टेशनावरून. त्यांची ६१७४ ही संख्या आतां जगभर त्यांच्या नांवानें ओळखली जाते. सर्व सारखे नाहींत असे कोणतेहि चार अंक घ्या, त्यांची मोठ्यांत मोठी संख्या करा, लहानांत लहान करा, आणि वजाबाकी करा. आलेल्या अंकांवर पुन्हा तेंच करा. फार तर सात पायऱ्यांत आपण ६१७४ वर येऊन थांबतां.

याच कापरेकरांनीं संख्यांची आणखी एक जात शोधून काढली. पंचेचाळिसांचा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून पुन्हा पंचेचाळीस. अशा संख्यांना आज कापरेकर-संख्या म्हणतात, आणि आपली १४२८५७ ही त्यांच्याच कुळांतली आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा: १२२४४९. डावीकडे राहिले २०४०८. बेरीज १४२८५७.

येथेंहि 'कां' विचारूं या. आपल्या संख्येच्या आधींची संख्या १४२८५६. तिला सातांनीं भाग जातो, आणि उत्तर येतें २०४०८. आतां कोणत्याहि संख्येच्या वर्गांतून ती संख्या एकदां वजा केली, तर उरतो तो त्या संख्येचा नि तिच्या आधींच्या संख्येचा गुणाकार. म्हणजे येथें १४२८५७ गुणिले सात गुणिले २०४०८. पण १४२८५७ गुणिले सात म्हणजे तर सहा नऊ, अर्थात् दहा लाखांना एक कमी. म्हणून आपला वर्ग म्हणजे २०४०८ वेळां दहा लाख, त्यांतून २०४०८ वजा, आणि वर १४२८५७. डावीकडे जेवढे गेले तेवढेच उजवीकडून कमी झाले. मग बेरीज मूळ संख्येइतकी झाली यांत नवल नाहीं; झाली नसती तर नवल!

कापरेकरांच्या या खेळांकडे आपल्या देशांतील पुष्कळ विद्वानांनीं दीर्घकाळ केवळ करमणूक म्हणून पाहिलें. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें १९७५ सालीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतील आपल्या सदरांत त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव दूरवर पोंचलें. १९८६ सालीं ते वारले. खेळ आणि गणित यांत भिंत नाहीं, दार आहे, आणि त्या दाराची किल्ली म्हणजे 'कां' हा एक शब्द, असें मला त्यांच्या संख्या पाहतांना नेहमीं वाटतें.

वर्ध्याच्या भूमीवर हें सांगावयाचें तर आणखी एक स्मरण होतें. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. तेथून डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीमार्फत जी योजना पुढें आली, ती 'वर्धा शिक्षण योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. ज्ञान हें हातांच्या कामांतून यावें, हा तिचा गाभा. वर्ध्याजवळच पवनारला राहणारे विनोबा भावे यांना ईश्वराखालोखाल गणित प्रिय होतें, असें ते स्वतःच सांगत. संख्यांच्या बाबतींत हातानें शिकणें म्हणजे दुसरें काय? भागाकार स्वतः करावा, पान भरूं द्यावें, बोटाला शाई लागूं द्यावी. यंत्राचें बटण दाबतांच उत्तर समोर येतें. पण बाक्या त्यावर दिसत नाहींत, आणि आपण पाहिलें कीं सारें मर्म बाक्यांत आहे.

येथें कोणी विचारील कीं, ही जादू सातांची कीं आपल्या मोजण्याच्या रीतीची? प्रश्न योग्य आहे. आपण दहांच्या पायावर मोजतों. प्रत्येक स्थान मागच्या स्थानाच्या दसपट, हें तत्त्व आर्यभटानें ४९९ सालच्या आपल्या ग्रंथांत नोंदून ठेवलें आहे. हातांना दहांऐवजीं आठ बोटें असतीं आणि आपण आठांच्या पायावर मोजीत असतों, तर बाकीची दसपट न करतां आठपट केली असती. आठांत सात एकदां गेले, बाकी १. पुन्हा आठ, पुन्हा एकदां, बाकी १. एकसप्तमांश मग नुसता १, १, १, १ असा चालला असता. ना चाक, ना फेरा. तेव्हां १४२८५७ ही संख्या एकट्या सातांची नव्हे. सात आणि दहा यांच्या संगतींतून ती जन्मली आहे. ताईतांत घालणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपण मुलींच्या प्रश्नांच्या टोकापर्यंत जाऊं. सहा बाक्या आहेत, म्हणून केव्हां तरी पुनरावृत्ति होणार, हें निश्चित. परंतु साहाही घरें हिंडून झाल्यावरच ती व्हावी, असें मात्र बंधन नाहीं. तेरांनीं भागून पाहा. बाक्या बारा असूं शकतात, पण चाक सहांतच पुरें होतें. एकतेरांश ०७६९२३ असा फिरतो, दोनतेरांश १५३८४६ असा. म्हणजे एकाऐवजीं दोन निराळीं लहान चाकें. उलट सतरांनीं भागलें तर सोळाही घरांचें एकच अखंड चाक मिळतें: ०५८८२३५२९४११७६४७. शंभराच्या आंत पंचवीस मूळसंख्या आहेत. त्यांपैकीं असें पूर्ण चाक फक्त नवांना लाभलें आहे: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७.

भाचीनें दोन दिवस खपून यांतील पहिल्या चारांचे भागाकार केले, आणि निघण्याच्या दिवशीं मला विचारलें, "मामा, असलीं पुरीं चाकें एकूण आहेत तरी किती? संपतात, कीं संपतच नाहींत?"

गाउससारख्या गणितश्रेष्ठानें १८०१ सालच्या आपल्या ग्रंथांत या आवर्ती दशांशांचा कसून विचार केला. एमिल आर्टिन यांनीं १९२७ सालीं अंदाज बांधला कीं असलीं चाकें अनंत आहेत, आणि मूळसंख्यांपैकीं शेंकडा सुमारें सदतिसांना तीं लाभतात. १९६७ सालीं हूली यांनीं तो अंदाज सिद्ध केला, पण दुसरें एक मोठें अनुमान खरें धरून. आणि तें अनुमानच अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. म्हणजे दहांच्या पायावर मोजणाऱ्या आपल्या जगांत १४२८५७ ला किती भावंडें आहेत, तीं कोठें तरी संपतात कीं नाहीं, याचें पक्कें उत्तर आज पृथ्वीवर कोणापाशींहि नाहीं.

मीं तिला तसें खरें तें सांगून टाकलें. तिला वाईट वाटेल असें मला वाटलें होतें. पण तिचा चेहरा उजळला. पाठ्यपुस्तकाच्या शेवटीं ज्याचें उत्तर छापलेलें नाहीं असा प्रश्न आपण विचारला, याचा तो आनंद होता. एकास सातांनीं भागण्याच्या साध्या उदाहरणापासून मानवी ज्ञानाच्या सीमेपर्यंत ती मुलगी तीन दिवसांत, पडवींत बसून, स्वतःच्या पेन्सिलीनें चालत गेली होती. आणि पहिल्या दुपारीं मीं तिला दोनच अंकांवर थांबविणार होतों!

श्रोतेहो, कारण कळलें म्हणजे नवल संपतें, अशी समजूत आहे. या संख्येनें मला उलट शिकविलें. कारण कळलें कीं नवल एक घर पुढें सरकतें. तें थोडें मोठें होतें आणि थोडें खरेंहि होतें. आपल्या घरांतील एखादें मूल केव्हां तरी वही घेऊन आपणांजवळ येईल, आणि हें संपायचें केव्हां, असें विचारील. त्या वेळीं 'पुरे' म्हणूं नका. वहीचें पुढचें कोरें पान उघडून द्या, आणि जमल्यास शेजारीं बसा.